स्वच्छ पिवळं पाणी

आज परळच्या आमच्या लॅबमध्ये बाबांचं रक्त मीच तपासलं. पोटॅशियम फार जास्त आलं, हृदय बंद पडू शकेल इतकं.

पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशीचं पातळ आवरण त्याला आत धरून ठेवतं. रक्त काढताना आवरणं फाटली तर ते बाहेर येतं आणि रिपोर्टमधला आकडा खोटाच वाढतो. तेव्हा रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवल्यावर पेशी खाली बसून वर उरणारं पाणी लालसर दिसतं.

मी नळी उजेडात धरली. पाणी स्वच्छ पिवळं होतं. पेशी शाबूत होत्या, बिघाड जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणाऱ्या बाबांच्या किडनीत होता.

घरी फोन केला. बाबा म्हणाले, "चेडवा, तुमचा मशीन बिघडला असतला. माका कायएक होणा नाय."

"बाबा, बॅग भरा. मी हॉस्पिटलात न्यायला येतेय."

आपल्या माणसाच्या रक्ताचा नमुनाच खराब निघावा, असं तुम्हाला कधी वाटलंय?