मेलेली गांडुळं, झोपलेली गांडुळं

विद्यापीठाच्या मृदाशास्त्र विभागात तिला सगळे 'गांडूळबाई' म्हणत, आणि त्यात लाडाचा भाग अजिबात नव्हता. सहा वर्षं ती तिथे हंगामी नोकरीवर होती. फूटभर लांब, फूटभर रुंद चौकोन आखायचा, मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओतायचं आणि अंगाची आग होऊन वर येतील तेवढी गांडुळं मोजायची. हे झालं पोटासाठी. जिवासाठी ती दर शनिवारी ब्लॉग लिहायची आणि त्यातले फोटो समाजमाध्यमांवर टाकायची. बागकाम करणारी, शाळेत शिकवणारी, नुसतीच चौकस, अशी चार हजार माणसं ते वाचत. विभागप्रमुख साहेबांच्या शेवटच्या शोधनिबंधाला तीन वाचक मिळाले होते. त्यातले दोन तपासनीस, आणि तिसरे ते स्वतः.

आता हे कुणाला पचणार? चहाच्या वेळी ती आली की बोलणं बंद आणि कपांचे आवाज सुरू. एकदा तर कुणीतरी तिच्या फावड्याला चिठ्ठी डकवली : 'लाईक करा.'

तरी तोवर नुसता धूर होता. भडका उडाला तो उन्हाळ्यात. साहेबांचं सगळं नाव, खुर्ची आणि दारावरची पितळी पाटी तीस वर्षांपूर्वीच्या एका सिद्धान्तावर उभी होती : उन्हाळ्यात गवताळ जमिनीतली गांडुळं मरतात, पावसाळ्यात अंड्यांतून नवी येतात. हिने अडीच फूट खणलं, तर खाली गांडुळं अंगाची गाठ मारून गाढ झोपलेली! तिने फोटो टाकला आणि लिहिलं, 'माझा आकडा जुन्या आकड्याशी जुळत नाही. कुठे चुकत असेन तर सांगा.' थोडक्यात, साहेबांची गांडुळं मरत होती, हिची नुसती झोपत होती.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"बाई, संशोधन शोधनिबंधात मांडायचं असतं, चव्हाट्यावर नाही."

"निबंधही लिहिलाय, सर. दोन वर्षं तुमच्या टेबलावर सहीसाठी पडलाय."

"मग पडू दे. सोमवारी तुम्हाला कायम करायचं की नाही, ते समिती ठरवणार आहे. शुक्रवारच्या आत तो ब्लॉग पुसून टाका. नाहीतर दुसरी नोकरी शोधा. फावडं धरायला मला छप्पन्न मिळतील."

त्याच संध्याकाळपासून ब्लॉगवर 'निःपक्ष वाचक' नावाचे कुणी गृहस्थ अवतरले. 'लेखिकेची अक्कल तिच्या खड्ड्याइतकीही खोल नाही.' 'अशा बायांना संशोधनाचा गंध नाही, मातीचा तेवढा आहे.' तीन दिवसांत अकरा प्रतिक्रिया. विभागातली मंडळी त्या एकमेकांना पाठवत आणि ती समोर आली की खोकत.

गुरुवारी ती घरी आली ती रडवेली होऊनच. "आई, मी पुसून टाकते सगळं. नोकरी तरी राहील."

आई ग्रंथालयातून निवृत्त झालेली. छत्तीस वर्षं पुस्तकांना क्रमांक घालून घालून तिला घरातल्या डब्यांनाही क्रमांक घालायची खोड लागली होती. तिने चष्मा लावून अकराच्या अकरा प्रतिक्रिया चवीने वाचल्या.

"शिव्या बऱ्या आहेत गं. पण याने खाली तळटीप दिलीय!"

"काय?"

"हे बघ. 'पाहा : तृणभूमीतील गांडुळे, विभागीय अहवाल, अप्रकाशित, पृष्ठ ४७, तक्ता ९.' अगं, शिवी देताना कुणी पृष्ठ क्रमांक देतं का? आणि अप्रकाशित म्हणजे ठेवलाय कुठे?"

"एकच प्रत आहे. साहेबांच्या कपाटात. किल्ली त्यांच्या खिशात."

"मग हा निःपक्ष वाचक कपाटात राहतो की काय?"

मुलगी उसळली. "थांब, आत्ताच्या आत्ता ब्लॉगवर टाकते. चार हजार माणसांसमोर बुरखा फाडते!"

"आणि मिळवशील काय? चार दिवस टाळ्या, पाचव्या दिवशी घरी. माणूस सोड. त्याने संदर्भ दिलाय ना? मग पान माग."

शुक्रवार उजाडला आणि मावळला. ब्लॉग जागच्या जागी राहिला.

सोमवारी समितीत तिघं होते. मधे साहेब, उजवीकडे त्यांच्या होला हो मिळवणारे उपप्रमुख आणि डावीकडे बाहेरून आलेल्या एक वयस्कर संख्याशास्त्रज्ञ बाई, ज्यांना लवकर घरी जायचं होतं.

"सांगूनही ऐकत नाहीत," साहेब म्हणाले. "शिस्त नाही. माझं मत नकार."

"माझंही," उपप्रमुखांनी लगेच री ओढली.

तिने पिशवीतून एक छापील कागद काढला. "एका वाचकाने माझं म्हणणं पुराव्यासकट खोडून काढलंय. पृष्ठ ४७. ते खरं असेल तर मी चुकले. तेवढं पान बघायला मिळावं."

"तो अहवाल गोपनीय आहे," साहेब गरजले.

संख्याशास्त्रज्ञ बाईंनी घड्याळावरची नजर उचलली. "गोपनीय? मग या वाचकाने वाचला कुठे?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. साहेबांचा हात आपसूक खिशातल्या किल्लीवर गेला. उपप्रमुखांनी तो हात पाहिला, आणि आपली खुर्ची वीतभर लांब सरकवली.

कपाट उघडलं. पान ४७ वर तरुणपणीच्या साहेबांचं सुरेख अक्षर होतं. बाईंनी मोठ्याने वाचलं, "'जिवंत गांडुळे : शून्य. खोली : एक फूट. त्याखाली खणले नाही. ऊन फार.'" मग चष्म्यावरून साहेबांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे गांडुळं मेली नव्हती. तुम्ही दमला होतात. माझं मत होकार."

"मी मघाशी हेच म्हणणार होतो," उपप्रमुख म्हणाले.

ती कायम झाली. अभिनंदन कुणी केलं नाही. साहेब दारात थांबून एवढंच म्हणाले, "माझ्या निवृत्तीला सहा वर्षं आहेत, बाई. रोज समोरासमोर बसायचंय."

"बसू की," ती म्हणाली.

घरी येते तो आई फोन घेऊन बसलेली. निःपक्ष वाचकांची बारावी प्रतिक्रिया आली होती : 'समितीच विकली गेली आहे.'

आईने वरपासून खालपर्यंत दोनदा बोट फिरवलं आणि हळहळून म्हणाली, "या खेपेला संदर्भ नाही गं दिला. घसरला हो माणूस."