स्वस्थानंदांचं वजन

धाकट्या दिराने मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली आणि यापुढे संथ, जाणीवपूर्वक जगायचं ठरवलं. ते जगणं त्याने थोरल्या भावाच्या बाइंडिंगच्या दुकानात मांडलं. वहिनीला कोणी विचारलं नाही. नवऱ्याचे हात थरथरू लागल्यापासून सहा वर्षं दुकान तीच ओढत होती. पण परवानगी मागायची ती नवऱ्याकडे, अशी त्या घराची रीत.

"शिकू दे गं," नवरा म्हणाला. "हातांनी काहीतरी करावंसं वाटतंय त्याला."

"मग पंचवीस वर्षं काय पायांनी करत होते?"

दीर आला तो चामडी पट्ट्यांचा नवाकोरा एप्रन घालून. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे तिने पाहिले होते. इथे तर हळकुंडाचाच पत्ता नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. "वेळेची गुलामी आहे ही, वहिनी." तिने ते परत टांगलं. खळ किती शिजली हे काय ढगांकडे बघून ठरवायचं? मग त्याने घड्याळाखाली तक्ता चिकटवला: सव्वानऊ ते पावणेदहा झाडाकडे पाहणे, अकरा ते सव्वाअकरा श्वास, शुक्रवारी शांततेचा आढावा. साहेबी तीच, फक्त पायांत बूट नव्हते. एका जागी दहा मिनिटं ठरेल तर शपथ! तिने मनातल्या मनात त्याचं नाव स्वस्थानंद ठेवलं.

त्या आठवड्यात नोंदणी कार्यालयाची तीस जुनी रजिस्टरं आली होती. जन्म, लग्नं, मृत्यू. कशाचीच दुसरी प्रत नाही. दुकानाचं निम्मं वर्ष याच कामावर निघे. तिथल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "शनिवारी हवीत. आणि एकही वाकडं निघालं, तर पुढचं काम यंत्रावर जाईल. वरून तसा हुकूमच आहे."

अठरा झाली. बुधवारी शेवटच्या बारांना पुठ्ठे चढवून तिने ती शिकंज्यात, म्हणजे लोखंडी चापात, दाबून ठेवली.

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, भाऊजी."

"अजिबात नाही. थांबणं हीच तर साधना."

ती नवऱ्याला डॉक्टरकडे नेऊन दोन तासांत परतली. बाराही रजिस्टरं खिडकीत पंख्यासारखी उघडून उभी होती आणि स्वस्थानंद गुडघ्यांवर बसून मोबाइलने त्यांचे फोटो काढत होते.

"प्रकाश बघा ना, वहिनी! आणि म्हटलं, प्रगती पण तपासावी."

ओल्या पुठ्ठ्यांना पोटं सुटली होती. चापाचा दांडा उलटा पिळून त्याने आटेही घालवले होते. भांडायला वेळ कोणाकडे होता? गुरुवारचा सगळा दिवस पुठ्ठे सोलण्यात आणि पाठी खरवडण्यात गेला. नशीब, आतली पानं शाबूत होती. शुक्रवारी सकाळी नवे पुठ्ठे चढले, पण दाबायचे कशाने? तिने रजिस्टरांचे दोन ठोकळे शेजारी शेजारी रचले, वर जाड फळी टाकली आणि दिराकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"वजन किती तुमचं?"

"ब्याऐंशी. का?"

"बसा."

"यावर? किती वेळ?"

"पाच वाजेपर्यंत. तो मोबाइल द्या इकडे."

"अहो, पण अकराला माझा श्वास असतो!"

"तिथेच घ्या. झाडही दिसतंय तिथून."

"आणि नाक खाजलं तर?"

"खाजवा. पण वाकायचं नाही. बारा गावांचे मेलेले लोक आहेत तुमच्याखाली."

नवरा इतका हसला की त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. स्वस्थानंद बसले. पहिला तास तक्रारीत गेला, दुसरा सुस्काऱ्यांत. तिसऱ्या तासाला मान छातीवर पडली आणि घोरणं सुरू झालं. झोपलेला माणूस जास्त जड होतो म्हणतात. तिने उठवलं नाही.

शनिवारी मोठ्या बाई आल्या. एकेका रजिस्टराच्या पाठीवरून अंगठा फिरवत, टेबलावर आडवं ठेवून डोळा लावून बघत त्यांनी तिसाच्या तीस तपासली. वहिनीचा पदर मुठीत चुरगळला होता.

"सोमवारी पुढचा गठ्ठा पाठवते," बाई म्हणाल्या. "पण ही शेवटची बारा जास्तच सपाट बसलीत. नवं यंत्र घेतलंत का?"

"छे हो. घरचंच आहे, जुनं," वहिनी म्हणाली. "इतके दिवस नुसतं पडून होतं."

कोपऱ्यात दिराने मान वर केली आणि तो प्रसन्न हसला. त्याला ती स्तुती वाटली.