कुलूपकाकूंचं कार्ड

कुलूपकाकूंनी ठेवलेली वस्तू कोणाच्या बापाला सापडत नसे. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. दिवाळीचे लाडू वॉशिंग मशीनमध्ये, सोन्याच्या बांगड्या पिठाच्या डब्यात, गावाहून आणलेला गूळ कोटाच्या खिशात. पासपोर्ट कुठे असतात ते फक्त त्यांना आणि देवाला ठाऊक. एकदा सुट्टीवर निघताना दोघांनाही आठवेना. खाली टॅक्सी उभी, आणि वर आम्ही दोन्ही घरांची माणसं उशा उलटसुलट करत बसलेलो. शेवटी ते इस्त्रीच्या टेबलावरच्या चादरीखाली निघाले. "बघा, चोराला तरी मिळाले असते का?" असं काकूंनी उलट आम्हालाच सुनावलं. त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, महेशनं, त्यांचं नाव कुलूपकाकू ठेवलं. त्यांना ते आवडलं. इतकं, की त्या फोनवरसुद्धा "मी कुलूपकाकू बोलतेय" असं म्हणायला लागल्या.

पण या सगळ्या लपवालपवीत खरा मान होता तो काकांच्या परवान्याच्या कार्डाला. तेव्हा दुबईत घरी दारू आणायची तर सरकारी परवाना काढावा लागे. कंपनीची सही, फी, मग फोटो असलेलं कार्ड. ते दाखवल्याशिवाय बाटली हातात पडत नसे. दुकानंही ठरावीक कंपन्यांची, सरकारच्या मुठीतली, काळ्या काचा लावलेली. दुसऱ्या अमिरातीत जाऊन कार्डाशिवाय आणणारे होते, पण काकांना गाडी चालवता येत नव्हती. जबल अलीतल्या गोदामात ते सुपरवायझर होते आणि कंपनीच्या बसनं जात-येत. बारमध्ये बसून पिणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हणजे काकांची सगळी दारू त्या एका कार्डावर अडलेली होती, आणि ते कार्ड काकूंच्या ताब्यात होतं.

काका प्यायले की कोणाला वेडंवाकडं बोलत नसत. गप्प व्हायचे, मग रडायचे, आणि सकाळची बस चुकवायचे. डॉक्टरांनी लिव्हरचं स्पष्ट सांगितलं होतं: थांबला नाहीत तर कठीण आहे. तेव्हापासून त्या घरात एक खेळ सुरू झाला. संध्याकाळी काका अस्वस्थ झाले की काकू कणीक मळता मळता म्हणायच्या, "यल्ला, चला, शोधा." काका मसाल्याचे डबे उघडत, सोफ्याच्या गाद्या उचलत, देवघरातल्या आसनाखाली बघत. एवढी शोधाशोध होईपर्यंत तलफेची ती वेळ बरीचशी टळलेली असे. मग घाम पुसत म्हणत, "खलास. हरलो बुवा. चहा टाक." मी हा खेळ अनेकदा पाहिला आणि हसलेसुद्धा. एकदा मात्र चहाचा कप हातात घेऊन काका हळूच म्हणाले, "लपवत जा गं. मला सापडू देऊ नकोस." त्यानंतर मला कधी हसू आलं नाही.

शनिवारी आमच्याकडे चार घरं जमायची आणि पुरुषमंडळी जगाचा कारभार हाती घ्यायची. आवडता विषय दारूच्या दुकानांचा. महेशचं ठाम मत होतं की सरकारनं या धंद्यातून हात काढावा. "दोन-तीन दुकानांची मोनोपॉली आहे, दुसरं काय? ज्याला विकायचंय त्याला विकू द्या. सुपरमार्केटमध्ये ठेवा. आपण काय लहान मुलं आहोत?" त्याच्याविरुद्ध बोलायला एकटे काका उभे राहत, तेही हातात ग्लास घेऊन. कारण अशा बैठकीत काकू त्यांना एक ग्लास माफ करत. "लहान नाही, पण सगळे सारखे मोठेही नाही," काका म्हणत. "कुठेतरी कोणीतरी नाही म्हणणारं पाहिजे." सगळे ग्लासाकडे बघून खो खो हसायचे. काकूंना भज्यांची ताटली घेऊन उभं राहून ऐकायची सवय होती. एकदा त्या म्हणाल्या, "दुकान कोणाचंही करा हो. कुलूप तेवढं राहू द्या." यावर तर महेशनं टाळ्या वाजवल्या.

मग नियम सैल झाले. फी गेली, कंपनीची सही गेली, परवाना जागच्या जागी मिळायला लागला आणि तो थेट मोबाइलमध्ये. बाटल्या घरपोच यायला लागल्या. पुढच्या शनिवारी महेशनं पेढे वाटावेत तसा आनंद केला. 

दुसऱ्या दिवशी काकू काकांचा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "हे यातून काढून लपवायचं कसं, सांग." मी ते परवान्याचं ॲप डिलीट केलं. संध्याकाळपर्यंत ते परत आलं होतं. त्यांची मुलगी सई सोफ्यावरूनच म्हणाली, "मॉम, इट्स ऑनलाइन. यू कान्ट हाइड इट." मग काका स्वतःच रोज घरी आल्यावर फोन काकूंच्या हातात द्यायचे. "ठेव कुठेतरी." पण गोदामातून फोन येई, बँकेचा ओटीपी येई, सईच्या कॉलेजचा मेसेज येई. तासाभरात काकूंनाच तो पिठाच्या डब्यातून काढून द्यावा लागे. आयुष्यभर लपवण्यात हातखंडा असलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच अशी वस्तू मिळाली होती, जी लपवून संसार चालत नव्हता.

त्यांनी शेवटचा उपाय म्हणून मला दुकानात नेलं. काळ्या काचेच्या आत काकू पदर सावरून उभ्या राहिल्या आणि काउंटरवरच्या मल्याळी माणसाला काकांचा फोटो दाखवला. "भैया, इनको मत देना. बीमार हैं."

तो भला माणूस होता. त्यानं फोटो नीट पाहिला. "सॉरी मॅडम. परमिट व्हॅलिड है तो हम मना नहीं कर सकते."

"पहले तो इतना पूछते थे!"

"पहले रूल था, मॅडम."

"फिर अब किसको बोलूँ?"

  मागे रांग होती, म्हणून आम्ही बाजूला झालो. गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या, "त्याची काय चूक?" मला मात्र सगळ्यांचा राग आला होता. महेशचा, सरकारचा, काकांचा, त्या फोनचा. आणि त्या रागाचं काय करायचं तेही कळत नव्हतं.

पुढचं वर्ष मी समोरच्या दारातून नुसतं बघत होते. घरपोच देणाऱ्या माणसाला काकूंनी एकदा दारातूनच परत पाठवलं, तर काका खाली लॉबीत जाऊन घ्यायला लागले. डोळे पिवळे झाले. पाय सुजले. महेशनं त्यांना कितीदा तरी समजावलं, अगदी पोटतिडकीनं. काका त्याचा हात धरून म्हणायचे, "तुझं बरोबर आहे रे. मला कळतं." शनिवारचा तो विषय आमच्याकडे कोणी न सांगताच बंद झाला. काका हॉस्पिटलमध्ये गेले ते परत आले नाहीत. ज्या जबल अलीला ते रोज बसनं जात, तिथल्याच स्मशानात त्यांना नेलं.

काकूंचा व्हिसा काकांच्या नावावर होता. आता त्यांना सईला घेऊन पुण्याला परतावं लागणार होतं. निघायच्या दिवशी मी पासपोर्ट शोधायच्या तयारीनं तासभर आधीच समोर गेले. दार सताड उघडं होतं. जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट, त्यांच्याशेजारी बांगड्या, डब्यातून काढलेले लाडू, किल्ल्या, आणि काकांचं ते जुनं, मुदत संपलेलं कार्ड. सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

"काकू, अहो, हे सगळं असं उघड्यावर?"

त्यांनी कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि परत टेबलावरच ठेवलं. "लपवू कोणापासून? शोधणारा गेला."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. त्या घरातून पहिल्यांदाच कोणीतरी वेळेवर निघालं.