दाढेचा खिळा

आमची करवत वर्षातून तीनच आठवडे चालायची. डोंगरावरचं बर्फ वितळून ओढ्याला लोंढा आला, की पणजोबांनी बसवलेलं लाकडी चाक फिरायचं आणि उभं पातं वरखाली होत ओंडके चिरायचं. एरवी तिथे कोळिष्टकांचं राज्य. पण त्या तीन आठवड्यांत आमच्या टेलेमार्कच्या खोऱ्यातला जो तो आपले ओंडके घेऊन हजर व्हायचा.

करवत चालवायची ती कानांनी. पातं बोथट झालं, पाणी जास्त झालं, लाकडात लोखंड लागलं, सगळं आवाजावरून कळतं. म्हणून आजोबांचा दंडक होता, बहिऱ्याने करवतीपाशी उभं राहायचं नाही. आणि माझ्या बाबांना, तारियेईंना, पन्नाशीतच ऐकू येईनासं झालं.

त्यांनी ते कबूल केलं नाही. माझ्या आईनेही, गुन्वोरने, विषय काढला नाही. ती नुसती विणकाम घेऊन करवतीपाशी उभी राहू लागली. आवाज बदलला की ती फळ्यांच्या जमिनीवर टाच आपटायची. बाबांच्या तळपायांना ते कळायचं आणि ते पाण्याचं दार पाडून चाक थांबवायचे. गावाला वाटायचं, बाईचा नवऱ्यावर फार जीव. होताच. पण गावाला खरं कळतं, तर ओंडके पलीकडच्या खोऱ्यातल्या विजेच्या करवतीवर गेले असते आणि करवतीविना बाबा खचून गेले असते.

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात गोठ्यामागचा जुना पाइन वादळात पडला. त्याच्या फळ्या माझ्या नव्या घराच्या जमिनीला वापरायच्या होत्या. चिरायच्या दिवशी सकाळी बाबांनी आईसाठी लाकडाचा एक बुटका ठोकळा आणून ठेवला.

"हे कशाला? माझे पाय मोडलेत का?" आई फणकारली. पण बसली.

शेजारचा स्वेइनुंग आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. ओंडका सरकत सरकत पात्याशी आला, आणि आई एकदम पांढरीफटक पडली. ओंडक्याच्या बुंध्याकडच्या तोंडावर निळसर काळा डाग होता. असा डाग लोखंडाचाच पडतो. तिने उठून दणादण टाच आपटली. बाबांनी पाणी तोडलं. पातं थांबलं.

"खिळा आहे त्यात!" आई म्हणाली. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "खिळा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मीच ठोकलेला! नवी नवरी होते तेव्हा, दाढ दुखत होती म्हणून!"

आमच्याकडे दुखरी दाढ खिळ्याने टोकरतात आणि तो खिळा झाडात ठोकतात. दुखणं झाडात जातं. पण कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की परत येतं. आई तीस वर्षं गप्प होती. झाडाबरोबर खिळाही उंच गेला असणार, आता शेंड्याबरोबर सरपणात जाईल, असं समजून ती निर्धास्त होती.

स्वेइनुंग खदाखदा हसला. "अगं गुन्वोर, झाड शेंड्याला वाढतं! खिळा काय खार आहे, वर चढायला?" मग त्याने बाबांकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. "तारियेई, ही एवढी ओरडली. तुला ऐकू नाही आलं?"

बाबांनी त्याच्या ओठांवरून प्रश्न ओळखला असावा. त्यांनी टोपी काढली.

"नाही येत. सहा वर्षं झाली. माझ्या वाटचं हीच ऐकते."

मग ते आईकडे वळले. "आणि खिळा ओंडक्यात नाही. तू बसली होतीस ना, त्या ठोकळ्यात आहे. सुजलेला गाल आणि माझाच हातोडा घेऊन गोठ्यामागे गेली होतीस. खिडकीतून पाहिलं होतं मी. काल बुंध्याचा तेवढा तुकडा कापून काढला, डाग मात्र ओंडक्यात राहिला. बोललो असतो तर तुझी दाढ दुखली असती."

"मग तो मला बसायला दिलास?"

हे मात्र त्यांना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "सहा वर्षं उभी आहेस, बाई."

आई ढसाढसा रडली. मीही रडले. स्वेइनुंग घसा खाकरून म्हणाला, "माझे ओंडके आजच चिरून हवेत. पाणी ओसरेल. कान कुणाचे का असेनात."

त्याने हे खोरंभर केलं. तरी पुढच्या वसंतात ओंडके आलेच, उलट लोक आईची टाच बघायलाही यायचे.

पाइन चिरला त्या दिवशी काम आटोपल्यावर कॉफी झाली. आईने साखरेचा खडा मुद्दाम त्याच दाढेखाली धरला आणि कॉफीचा घोट घेऊन थांबली.

"दुखतंय?" बाबांनी विचारलं.

आईने आवाज न काढता नुसत्या ओठांनी 'नाही' म्हटलं. त्यांना ऐकू येतं असं न भासवता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाबा हसले आणि आपल्या बशीतला खडाही त्यांनी तिच्याकडे सरकवला.