भरल्याशिवाय न सुटणारं विमान

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तर मेळच नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटली. ही वही मी कोणाला दाखवत नाही, पण उद्या पोरींच्या हाती लागलीच, तर त्यांनी हसावं आणि माफ करावं.

माझे धाकटे दीर पुण्यात, माल वाहणाऱ्या विमानांच्या कंपनीत बुकिंगचं काम करतात. दिवाळीला आले की विमानाशिवाय बोलणं नसायचं. मग मंदी आली. घाई कोणालाच उरली नाही, म्हणून कारखानदार स्वस्तात जहाजानं माल धाडू लागले. कंपनीनं दोन विमानं उभी करून ठेवली. सगळ्यांचा निम्मा पगार 'नंतर देऊ' म्हणून मागे ठेवला. वर दिरांना सांगितलं, आपल्या गावाकडून माल आणा, महिन्याभरात जमलं नाही तर नोकरी गेली. असे ते सोलापूरला आले, गळ्यात टाय घालून.

जेवताना म्हणाले, "राहिलेलं विमान आता रोज सुटत नाही. भरलं की सोडतात."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हंजे वडापच की रं!"

आमचे हे दुधनीच्या रस्त्याला वडापची जीप चालवतात, माणसं भरली की सुटणारी. इतके खूश मी त्यांना लग्नातही पाहिले नव्हते.

"मग माज्याकडं शिक की. रिकाम्या गाडीत कोण बसत न्हाई. आदी आपलीच चार माणसं बसवायची. मग बग, लोक कसं पळत येत्यात."

"दादा, विमान कंपनी हाय ती."

"मग भाडं जास्त असंल. दुसरं काय?"

दोन आठवडे टॉवेलचे कारखाने हिंडून दिरांना एक खोकंसुद्धा मिळालं नाही. तेव्हा कुठे त्यांनी दादाचं ऐकलं. आपली चार माणसं म्हणजे माझ्या कडक भाकऱ्या. मी घरी करून विकते, आणि दुबईतल्या एका दुकानदाराची मागणी आलेलीच होती. जहाजानं जायची ती वीस खोकी दिरांनी विमानासाठी टेम्पोत चढवली. पाठोपाठ मलाही.

"वैनी, तुमी नुसतं बसा. बोलायचं मी बगतो."

एका मोठ्या कारखान्याच्या दारात टेम्पो उभा राहिला. मी पदर पुढे ओढून बसले. शेठ बाहेर आले, खोकी पाहिली आणि दिरांना सोडून नेमकं मलाच विचारलं, "भाकऱ्या विमानानं? आम्हाला परवडत नाही, तुम्हाला कसं परवडतं हो बाई?"

माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "निम्म्या भाड्यात नेतात. रिकामं जाण्यापेक्षा बरं, म्हणून."

दिरांचा टाय तेवढा सरळ राहिला.

शेठ मात्र हसले. "मग आम्हालाही निम्म्यातच न्या की." त्यांचे नमुन्याचे टॉवेल ठरल्या तारखेला परदेशात पोचायचे होते आणि आधीच उशीर झाला होता. अडलं होतं फक्त भाड्यापाशी. दिरांनी घाम पुसत तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, घे, निदान इंधनाचा खर्च तरी निघेल. शेठचं पाहून शेजारचे दोघे आले. महिना संपायच्या आत सोलापुरातून दर आठवड्याला एक ट्रक भरून पुण्याच्या विमानाला जाऊ लागला, आणि नोकरी राहिली.

घरात मात्र दिरांची सुटका नव्हती. हे त्यांना "आमचा क्लीनर" म्हणायचे. सासूबाई गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या, "टपावर बी बसवताव का रं?" मला सगळे मॅनेजरबाई म्हणू लागले. मी चुलीकडे तोंड करून बसायची.

पुढे बाजार हलला. उभ्या विमानांतलं एक पुन्हा उडालं आणि कंपनीनं मागे ठेवलेला पगार थोडा थोडा द्यायला काढला. खरं सांगते, तो पैसा आम्ही बुडालाच धरला होता. परवा दिरांचा फोन आला. तोही दादाला नाही, मला.

"मॅनेजरबाई, शेवटचा हप्ता जमा झाला. आता कंपनीकडं एक रुपाया राहिला नाही."