ड्रॅगनचे दात

"टेका घ्या बाप्पा, टेका! हवेत काय काम करून राहिले?"

आमच्या टेबलाशी बसून ज्याने ज्याने म्हणून हातात ब्रश धरला, त्याने हे वाक्य काकांकडून ऐकलेलं आहे. बोलता बोलता ते स्वतःची अनामिका समोरच्या वस्तूवर टेकवून दाखवायचे. ते बोट टेकलं की बाकीची बोटं मोकळी होतात आणि ब्रशचं टोक न्यायचं तिथेच जातं. ही त्यांच्या धंद्यातली सवय. ते अकोल्याला कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि हे त्यावरून दात घडवून द्यायचे. उभा जन्म त्यांनी हेच केलं. आम्ही त्यांना दातवाले काका म्हणायचो. नाव माहीत होतं, पण ते घ्यायची कधी वेळच आली नाही.

आता आमचं टेबल म्हणजे काय ते सांगतो. अमरावतीत माझं स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी आम्ही पाच-सहा बाप्ये, म्हणजे नोकरी-धंद्याची, पोराबाळांची माणसं, प्लायवूडच्या मोठ्या टेबलावर लढाई खेळतो. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक. राक्षस, बुटके योद्धे, घोडेस्वार, उडणारे प्राणी. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, समोरच्याची फौज कापायची. सैनिक विकत येतात ते सुटे आणि करडे. ते जोडून रंगवायचे आपणच. अंजनगाव सुर्जीचा प्रफुल्ल, ज्याचं तिकडे कृषी केंद्र आहे, तो शेतातून पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आणतो. त्या उभ्या खोचल्या की वठलेलं जंगल तयार. माझी बायको या सगळ्याला भातुकली म्हणते आणि तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

काका पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. शून्य नंबरचा ब्रश हवा होता. मी काउंटरवर बसून एक राक्षस रंगवत होतो. त्यांनी ब्रश बघायचं सोडून राक्षसच उचलला आणि चष्मा वर करून त्याच्या तोंडात पाहिलं.

"याचे दात इतके पांढरे कावून?"

मी म्हटलं, "दात पांढरेच असतात."

"मंजनाच्या जाहिरातीत असतात. हा कच्चं मांस खाणारा माणूस हाय ना भाऊ? याचा दात मुळापाशी पिवळा पाह्यजे, टोकाले जरा काचेसारखा. अन् हा सुळा झिजला पाह्यजे, थो याच बाजूनं हाडं फोडते."

पिशवीतून त्यांनी एक पट्टी काढली. तिच्यावर एका रांगेत दात लावलेले होते, प्रत्येक दात वेगळ्या छटेचा. रोग्याच्या दाताचा रंग जुळवायची ती पट्टी. ती माझ्या राक्षसाच्या तोंडाशी धरून त्यांनी दोन-तीन दात बाद केले आणि एक पसंत केला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी सांगितलं तसं रंगवल्यावर तो राक्षस मला पहिल्यांदाच जेवून उठलेला दिसला. पुढच्या रविवारी ते एसटीने आले, आणि मग येतच राहिले. मूर्तिजापूर सुटलं की त्यांचा फोन यायचा, "चहा मांडा."

खेळात ते भयंकर होते. नियम सगळे पाठ, पण त्यांचे सैनिक शत्रूकडे पाठ आणि बघत बसलेल्या आमच्याकडे तोंड करून उभे असायचे. दात दिसले पाहिजेत ना! प्रफुल्ल मागून येऊन त्यांची अख्खी रांग कापायचा. "कापू दे," काका म्हणायचे, "चेहरा तर पाह्यला ना तुमी?" आणि प्रत्येक चेहरा कुणाचा ना कुणाचा असायचा. हा त्यांच्या गल्लीतला वकील, हा बाळापूरचा एक किराणावाला, ही एक तमाशेखोर विहीणबाई. चाळीस वर्षांत हाताखालून गेलेली तोंडं त्यांना पाठ होती. "माझे दात कुणाला दिलेत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमचे कोनाले बसत नाही. तुमी लय साधे चावता."

येताना ते पाव किलो फुटाणे आणायचे. आम्हाला वाटायचं प्रेमाने आणतात. प्रेम होतंच, पण त्यांचं लक्ष आमच्या जबड्यांवर असायचं. "प्रफुल्लभाऊ, तुमी उजवीकडूनच खाऊन राहिले. डावी दाढ दाखवून या." महिन्याभरात प्रफुल्लची दाढ ठणकली आणि काढावी लागली. त्यानंतर त्यांच्यासमोर फुटाणे खायला तो चोरासारखा बसायचा.

हे सैनिक बनवणारी परदेशातली कंपनी दर दोन-चार महिन्यांनी नवे सैनिक बाजारात आणते. आधी फोटो येतात, मग आम्ही सगळे वेडे होतो, जुन्या फौजा अर्ध्या रंगवलेल्या पडून असताना नव्यासाठी हपापतो. काकांचा प्रश्न एकच, "नवी बत्तिशी आली का?" फोटो मोठा करून ते फक्त तोंड बघायचे. तोंड मिटलेलं असलं की त्यांच्या लेखी तो माल भंगार.

एका रविवारी मात्र कमाल झाली. त्यांनी आपली डबी उघडली, तर आत पाच गॉब्लिनऐवजी, म्हणजे खुज्या राक्षसांऐवजी, वरची-खालची पूर्ण कवळी आमच्याकडे बघून हसत होती. म्हणजे गॉब्लिन अकोल्याच्या डॉक्टरांकडे! आम्ही हसून हसून लोळलो. काका हसले नाहीत. त्यांनी टेप खाली ठेवला, चपला घातल्या.

"अहो, डाव अर्धा राहिलाय," मी म्हटलं.

"ज्याची कवळी हाय, आज त्या बुवाच्या नातीचं लग्न हाय. पंगतीत बसन थो. सगळे जेवतीन अन् हा वरणाचं पाणी पित बसन काय?"

तसेच परत गेले. संध्याकाळी फोन आला, "जेवला. जिलेबी खाल्ली त्यानं." एवढंच सांगून ठेवून दिला. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला. तोपर्यंत नुसता आवडायचा.

मग तो ड्रॅगन आला. नव्या मालातला सगळ्यात मोठा, वीतभर, पंख पसरलेला, जबडा पूर्ण उघडा. आम्ही सगळ्यांनी मिळून मागवला होता. खवले मी रंगवले, पंख प्रफुल्लने. तोंड कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. काकांनी तो बुटाच्या खोक्यात कापूस घालून अकोल्याला नेला.

पुढच्या रविवारी ते आले, ड्रॅगन आला नाही. "रंग वाळून राहिला." त्याच्या पुढच्या रविवारी, "ब्रश खराब निघाला." तिसऱ्यांदा त्यांनी कारणही दिलं नाही. मी पाहिलं, चहा पिताना ते कप उचलत नव्हते, वाकून तोंडच कपाकडे नेत होते. फासे टाकले की हात लगेच टेबलाखाली. फुटाणे त्यांनी त्या दिवशी आणले नव्हते. मला कळलं, आणि कळलं नाही असं मी दाखवलं. भित्रेपणा होता तो. 

चौथ्या रविवारी ते सकाळीच आले, कुणी यायच्या आधी. खोकं टेबलावर ठेवलं. ड्रॅगनचा जबडा होता तसाच करडा.

"भाऊ, हात आयकत नाही आता." कवळ्यांचं काम त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच बंद केलं होतं, आम्हाला सांगितलं नव्हतं. "लोकायच्या तोंडाशी खेळ नाही करता येत. पण मले याचे दात करायचे हायत. हे शेवटचे."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मी रंगवतो."

"तुमी?" ते एकदम जुन्या आवाजात म्हणाले. "तुमी टेका घेत नाही."

त्यांनी ड्रॅगनच्या नाकाडावर बोट टेकवलं. प्लास्टिक हलकं, हातासोबत ड्रॅगनही थरथरायला लागला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचा हात जड हाय. मूठ करून इथं ठेवा."

मी जबड्याशेजारी मूठ ठेवली. त्यांनी त्यावर अनामिका आणि करंगळी दाबली. त्यांच्या बोटांची थरथर माझ्या मनगटापर्यंत येत होती. ते थांबायचे, थरथर जरा उतरली की एक ठिपका, मग परत थांबायचे. ब्रश मधूनमधून पट्टीवरच्या दाताशी नेऊन रंग ताडून बघायचे. एकेका दाताला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. प्रफुल्ल आला, बाकीचे आले, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी फासे काढले नाहीत. माझा हात बधिर झाला होता आणि तो हलू नये म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.

शेवटच्या सुळ्यावर हात निसटला. पिवळी रेघ दातावरून खाली ओठावर ओघळली. मी पटकन कापूस पुढे केला.

"राहू द्या," काका म्हणाले. "कच्चं मांस खाते थो. तोंड पुसून बसन काय?"

तेव्हा सगळे हसले. काकाही. मग ब्रश त्यांनी पाण्यात बुडवून, टोक नीट करून माझ्या खिशात खोचला.

त्यानंतर त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. फोनवर बोलणं व्हायचं. "नवी बत्तिशी आली का?" हे विचारायचेच. उन्हाळ्यात मुलीचाच फोन आला. आम्ही तिघं जाऊन आलो. परत येताना गाडीत प्रफुल्ल सबंध रस्ता रडत होता.

आमच्याकडे आता बँकेत बदलीवर आलेल्या एक बाई खेळायला येतात. हाताने हुशार आहेत. परवा ड्रॅगन बघून म्हणाल्या, "याच्या ओठावर रंग सांडलाय, मी साफ करून देऊ?" मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की त्या दचकल्या. मग त्यांना बसवून हे सगळं सांगावं लागलं.

नवा माल येतोच आहे. काका गेल्यापासून आम्ही राक्षसांची एक पूर्ण फौज रंगवली. कातडी, चिलखतं, जखमा, सगळं. फक्त तोंडं करडीच. ठरवलं कुणीच नव्हतं, पण कुणाचा ब्रश तिथे जाईना. करड्या तोंडांची ती फौज सहा महिने कपाटात उभी होती.

काल रविवार होता. मी सकाळी लवकर वर गेलो, त्यातला पहिला राक्षस काढला. खिशातला ब्रश काढला. हात हवेतच होता. मग उठून ड्रॅगन आणला, शेजारी ठेवला, आणि त्याच्या ओठावर, त्या पिवळ्या रेघेवर, अनामिका टेकवली. पहिला दात रंगवला. पांढरा नाही.