जाहिरातीतलं आमचं गाव

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी आमच्या गावात एका मोटारीच्या जाहिरातीचं शूटिंग झालं. गाव पाटोद्यापासून जवळच. मी तेव्हा गावच्या दूध सोसायटीत सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायची. मुंबईहून आलेल्या मंडळींना भेगाळलेली जमीन हवी होती. पण पाऊस चांगला झालेला, रानात ज्वारी कमरेला लागलेली. शेवटी माळावर एक उजाड तुकडा सापडला. त्यावरून नवी गाडी धुरळा उडवत गेली, मग हिरवं रान घेतलं, मग सोसायटीपुढं दूध घालणाऱ्या आम्ही बाया.

दिग्दर्शक तरुण होता, बोलायला गोड. त्यानं मला एक वाक्य म्हणायला दिलं. आमच्या गावानं कुणापुढं हात पसरला नाही, ते आपल्या हिमतीवर उभं राहिलं, असं.

ते माझ्या तोंडातून निघेना. दुष्काळाच्या उन्हाळ्यात चारा छावणीसाठी आम्ही जनावरं घेऊन तीन दिवस तहसील कचेरीपुढं बसलो होतो. छावणी मिळाली, सोसायटीनं पेंड पुरवली, म्हणून माझ्या दोन्ही म्हशी जगल्या. मी त्याला म्हणाले, “दादा, हे खरं न्हाई. आमी मागितलं, ते मिळालं, म्हणून उभं राहिलो.”

लोकांना असंच ऐकायला आवडतं, असं त्यानं परोपरीनं समजावलं. मी ऐकलं नाही. मग त्यानं मला नुसतं दूध ओतताना टिपलं.

सोसायटीच्या निवडणुकीच्या तोंडावर जाहिरात टीव्हीवर आली. चेहरा माझा, आवाज कुण्या पुरुषाचा, वाक्य तेच. आमच्या चेअरमनसाहेबांनी ते उचललं. गाव आपल्या पायावर उभं आहे, आता सरकारकडं काही मागायची गरज नाही, असं ते सभेत सांगू लागले. मला राहवलं नाही. मी उठले.

“साहेब, तहसीलीपुढं तुमीबी आमच्यासंगं बसला होता. त्यात लाज कसली?”

ते मान हलवून हसले. “बसलो होतो, वैनी. खरं हाय.”

पुढच्या सभेत त्यांनी स्वतःहून छावणीची हकीकत सांगितली. ते निवडूनही आले.

जाहिरात बरेच दिवस चालली. ती लागली की माझे मालक टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि नुसतं चित्र बघायचे. दूध ओतताना मी लई ऐटीत दिसते, असं त्यांचं म्हणणं. मला ते खरंच वाटायचं.